28 पासून मोजणारं घड्याळ: एमबी अँड एफचं एलएम परपेच्युअल

आधीच सांगतो, हे घड्याळ माझं नाही आणि या पगारात होणारही नाही. पण रविवारी दुबई मॉलमधल्या मॅड गॅलरीत, म्हणजे एमबी अँड एफच्याच दालनात, पाऊण तास ते हातात घेऊन बसलो होतो आणि तिथल्या पोराने एकदाही 'बजेट किती सर' विचारलं नाही, त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी.

परपेच्युअल कॅलेंडर म्हणजे कुठला महिना 30 चा, कुठला 31 चा, कुठल्या वर्षी फेब्रुवारी 29 चा हे ज्याच्या चाकांनाच पाठ असतं असं घड्याळ. बंद पडू दिलं नाही तर थेट 2100 पर्यंत तारखेला हात लावायला नको. 2100 ला चारने भाग जातो पण ते लीप इयर नाही, तेव्हा एकदा हाताने दुरुस्त करायचं, ते पणतू बघतील. अधिक महिन्याचं मात्र यात काही नाही हां, त्याला भिंतीवरचं कालनिर्णयच.

आता खरी गंमत. माझ्या आधीच्या साहेबांकडे एक जुनं परपेच्युअल होतं, एकदा रात्री अकराला ते तारीख पुढे करायला गेले, आतून कट्ट आवाज आला, बटण आत गेलं ते वर आलंच नाही आणि घड्याळ पाच महिने सर्व्हिसला. कारण जुन्या पद्धतीत यंत्र प्रत्येक महिना 31 चाच धरतं आणि महिना छोटा निघाला की उरलेल्या तारखा भराभर ओलांडतं, त्या धावपळीत कुणी बटण दाबलं की दातात दात अडकलाच. बेलफास्टच्या स्टीफन मॅकडॉनेल या घड्याळजीने एलएम परपेच्युअलमध्ये हे उलटंच केलं, महिना 28 चा धरला आणि लागतील तेवढे दिवस वर घातले. पगारातून कापत बसण्यापेक्षा बेसिक कमी ठेवून ओव्हरटाइम द्यावा तसं. शिवाय तारीख बदलत असताना बटणं आतून सुटी होतात, दाबलं तरी काही बिघडत नाही. मी दाबून बघितलं, जरा जड लागतं आणि मग एकदम टक्. लीप इयर सेट करायला सगळे महिने फिरवत बसायलाही नको, त्याचं बटण वेगळं.

2015 चं हे मॉडेल, 581 पार्ट, 2016 ला जिनिव्हाच्या जीपीएचजी या घड्याळांच्या पुरस्कारांत कॅलेंडर घड्याळाचं बक्षीस मिळालेलं. मॅक्स ब्यूसरने 2005 मध्ये एमबी अँड एफ ही कंपनी काढली, नावातला एफ म्हणजे फ्रेंड्स, आणि कुणी काय बनवलं ते नावानिशी सांगतात. मोठ्या ब्रँडमध्ये कारागीर सहसा पडद्याआडच राहतो, म्हणून मला हे स्वतंत्र घड्याळवाले आवडतात. एकाच्या डोक्यात '31 च का?' आलं आणि दुसऱ्याने 'कर' म्हटलं, एवढंच.

दिसायला? बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळेचा ठेका धरणारं चाक, डायलच्या वर कमानीला टांगलेलं, डोळ्यांसमोर झुलतं, आणि त्याचं एस्केपमेंट, म्हणजे चाकांना टिकटिक करत एकेक दात सोडणारा भाग, पार मागच्या बाजूला, मधला दांडा सगळ्या यंत्रातून आरपार. मागची बाजू दाखवायला सांगाच.

तक्रारी आहेत. 44 मिमी, वर काच घुमटासारखी, शर्टाची बाही त्यावर बसतच नाही. आणि तारखेचा आकडा इतका बारीक की चाळिशीनंतर चष्मा लागतो, एवढा खटाटोप तारखेसाठी आणि तारीखच दिसत नाही! 2020 ची ईव्हीओ आवृत्ती रबरी पट्ट्याची, 80 मीटरपर्यंत वॉटर रेझिस्टंट, लॉटरी लागलीच तर मी ती घेईन.