जुना माठ, रंगाची बादली की काचेची बरणी? कोल्हापुरातल्या घरात झाड कशात लावावं

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागते, त्या दिवसांत कोल्हापुरात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. घरातल्या झाडासाठी जुनं भांडं निवडताना मी आधी हे दिवस डोळ्यांपुढे आणते. एप्रिलमध्ये पाणी कमी पडलं तर झाड मान टाकतं, पण पाणी घातलं की बहुतेक वेळा सावरतं. जुलैत माती सतत ओली राहिली तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि पानांवर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून भांड्याला माझा पहिला प्रश्न असतो: तुझ्यात घातलेली माती किती दिवसांत वाळेल?

माठ आणि रंगाची बादली यांत खरा फरक इथेच आहे. एका जूनमध्ये मी एकाच स्नेक प्लांटचे दोन तुकडे लावले, एक जुन्या माठात आणि एक 4 लिटरच्या रंगाच्या बादलीत. माती तीच, खिडकीही तीच, आणि दोघांना पाणी एकाच दिवशी घालत होते. माठातली माती पाच-सहा दिवसांत वरून कोरडी व्हायची. बादलीत दहाव्या दिवशीही बोटाला चिखल लागायचा. ऑगस्टमध्ये बादलीतलं पान बुडाशी मऊ पडून आडवं झालं. माठातल्याला तोवर नवा कोंब आला होता.

मातीच्या भांड्याच्या अंगातून पाणी बाहेर झिरपतं आणि उडून जातं. माठात पाणी गार होतं ते याच कारणानं. मात्र आपण झाडासाठी काढतो तो माठ बहुधा गार करायचा थांबलेला असतो, म्हणजे पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात काही तास भिजवून काथ्यानं घासला तर त्यातली बरीच मोकळी होतात. नव्यासारखा तो होत नाही, पण प्लास्टिकपेक्षा कितीतरी बरा.

भोक पाडायचं तर माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. मग दुमडलेल्या पोत्यावर पालथा घाला आणि दगड-विटांसाठीचं बिट लावून ड्रिल हळू चालवा, ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवून. घरी ड्रिल नसेल तर ओळखीच्या प्लंबरकडून पाडून घ्या. खिळा-हातोडीनं मी एक चांगला माठ फोडला आहे, त्याची हळहळ अजून जात नाही. आणखी एक गोष्ट आधीच पाहा: पोट मोठं आणि गळा अरुंद असेल तर झाड वाढल्यावर मुळांसकट बाहेर निघत नाही, माठच फोडावा लागतो. रुंद तोंडाचा असेल तरच स्नेक प्लांट लावा. अरुंद तोंडाच्या माठात मनीप्लांट ठीक, ते कापून पुन्हा लावता येतं. माठाखाली ताटली हवीच, लाकडी कपाटावर तर तो ठेवूच नका.

माठ बरा म्हणून बादली टाकाऊ ठरत नाही. वारंवार गावाला जाणाऱ्या किंवा पाणी घालायचं विसरणाऱ्या माणसासाठी तीच बरी. ती हलकी असते, उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. तळाला पाच-सहा भोकं पाडा, आतला रंग पूर्ण काढून धुऊन घ्या, मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी घाला आणि पावसाळ्यात बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या. पुदिना, कोथिंबीर असं खायचं काही रंगाच्या बादलीत मी लावत नाही.

तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओली माती भरली की 20 किलोच्या वर जातो, कडा हात कापतात, आणि गंजाचे डाग फरशीवरून निघत नाहीत. गच्चीवर ठीक. तिथे भोकं आतून बाहेर ठोका, म्हणजे पत्र्याचे ओठ बाहेर वळतात आणि तळाशी पाणी अडत नाही.

काचेच्या बरणीत माती भरू नका. तळाशी खडे घातले की भोक लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. खड्यांवरच्या मातीचा तळ पाणी धरूनच बसतो. बरणीत नुसतं पाणी ठेवा आणि मनीप्लांट किंवा सिंगोनियमची पेराची फांदी लावा. पेर, म्हणजे पान फुटतं ती गाठ, पाण्यात, पानं बाहेर. उजेडानं शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून जाड कागद गुंडाळा. पाणी मात्र दर आठवड्याला बदलायलाच हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेजवळ काचेला चिकटतात, तेव्हा बरणी आतून घासायची. माठाखालच्या ताटलीतलं पाणीही त्याच दिवशी ओतून टाकायचं. या दोन्ही झाडांचा चीक तोंडाची आग करतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर बरणी उंच फळीवर हवी.

राहिली लोणच्याची चिनी मातीची बरणी. तिला झिलई असते, त्यामुळे ती माठासारखी श्वास घेत नाही, आणि भोक पाडताना तडकते. आजीच्या बरणीला मी हात लावला नाही. आत भोकाचा छोटा प्लास्टिक डबा बसतो, त्यात स्पायडर प्लांट आहे. पाणी घालताना डबा मोरीत नेते, निथळू देते आणि परत बरणीत ठेवते.