सुंतेची प्लास्टिक रिंग: तान्ह्या लेकराला बरी, पण दवाखाना जवळ हवा

टाका नाही, पट्टी नाही, आपोआप गळते. तालुक्याच्या दवाखान्यांत खतन्यासाठी ही रिंग सुचवतात ती यासाठीच. वर्षाच्या आतल्या लेकराला ती खरंच सोयीची. रिंग कातडीखाली बसवून तिच्या खाचेवर दोरा आवळतात आणि पुढची कातडी कापतात. उरलेली कड काळी पडून साधारण ५ ते ८ दिवसांत रिंगेसकट गळते. काळी कड, पिवळसर पापुद्रा पाहून घरात घाबरगुंडी उडते. पण तो पू नव्हे.

खरी मेख मापात आहे. मापं १.१ ते १.७ सेंटिमीटर. मोठी बसवली तर रिंग मागे सरकून शिश्नावर अडकते, पुढचा भाग सुजतो आणि ती कापूनच काढावी लागते. लहान बसवली तर तोच भाग आवळला जातो. हवं ते माप नसेल तर तारीख पुढची घ्या. दोरा सैल राहिला की रक्त येतं: स्वच्छ गॉज १० मिनिटं, मधे उचलून न पाहता, दाबून धरा, तरी थांबलं नाही तर १०८.

आजीचं खोबरेल आणि हळद इथं नको. तेलानं, व्हॅसलीननं रिंग घसरू शकते, हळदीच्या रंगात पू ओळखू येत नाही. (टाक्यांच्या खतन्यात व्हॅसलीन चालतं, जखम कपड्याला चिकटत नाही.) दुखण्यावर पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम. ८ किलोच्या लेकराला ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप ५ मिली पुरतं. पण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब चुकून तेवढेच पाजले तर चौपट डोस जातो. बाटली वाचा.

लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर खतना थांबवा, दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच कातडी लागते. मामाकडे कुणाचं रक्त लवकर थांबत नसेल तर तेही आधी सांगा.

रिंग ओढू नये. १० दिवसांत गळली नाही, ८ तास लघवी झाली नाही, ताप आला किंवा लाली पोटाकडे चढली तर त्याच दिवशी दवाखाना. म्हणूनच पावसाळ्यात नाला चढला की रस्ता तुटतो अशा गावाला आम्ही रिंग सुचवत नाही; तिथं विरघळणारे टाके बरे.