खिडकीतले कागदी लिंबू आणि चायना ऑरेंज : अकरा महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात बेळगावच्या एका नर्सरीतून मी कागदी लिंबाचे गुटी कलम (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून केलेले रोप) आणि नर्सरीवाले ज्याला ‘चायना ऑरेंज’ म्हणतात ते कॅलामॉन्डिनचे, म्हणजे छोट्या आंबट संत्र्याचे, रोप आणले. आमचा फ्लॅट टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि गच्ची सामायिक असल्याने दोन्ही झाडे घरातच वाढवावी लागणार होती. झाडे रिक्षात ठेवताना तिथल्या माळ्याने दोनच शब्द सांगितले, ‘बिसिलु बेकु’, म्हणजे ऊन हवे. मी मान डोलावली, पण त्या दोन शब्दांचा खरा अर्थ कळायला आषाढ उजाडावा लागला.

लिंबूवर्गीय झाड दक्षिणेच्या खिडकीत ठेवावे, असे सर्वत्र वाचायला मिळते. हा सल्ला थंड देशांतला आहे. बेळगाव सुमारे १६ अक्षांशावर असल्याने डिसेंबरात दुपारचे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत आतपर्यंत येते, आणि त्या काळात दोन्ही झाडांनी उत्तम पालवी धरली. मात्र एप्रिलअखेर सूर्य डोक्यावर आला आणि मे महिन्यात तो दुपारी चक्क उत्तरेकडे झुकला, तेव्हा त्याच खिडकीत भर उन्हाळ्यात उन्हाचा कवडसाही पडेना. झाडे पूर्वेच्या खिडकीत हलवली, त्यावर लिंबाने रुसून वीसेक पाने गाळली आणि मग ते सावरले.

फेब्रुवारीत लिंबाला बहर आला होता. रात्री दिवाणखाना असा दरवळत असे की केवळ त्यासाठीही झाड आणावे. घरात वारा नाही आणि मधमाश्याही नाहीत, म्हणून मी रंगकामाचा मऊ ब्रश रोज सकाळी फुलांवरून फिरवला. वाटाण्याएवढी झालेली बहुतेक फळे गळली, चार टिकली आणि जुलैअखेरीस पिकली. लोणच्यासाठी लिंबे हवी असतील, तर सरळ गणपत गल्लीच्या बाजाराची वाट धरावी.

पाण्याचा धडा दोनदा मिळाला. आमच्याकडे राकसकोप जलाशयाचे नळाचे पाणी पिण्यापुरते वापरतो आणि झाडांना बोअरवेलचे घालतो. ते जड असल्याने मार्चपर्यंत कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसू लागली. अशा क्षारयुक्त पाण्याने मातीतले लोह मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातल्या लोहाची) फवारणी केल्यावर नवी पालवी हिरवी आली, आणि जूनपासून पागोळ्यांचे पाणी बादलीत धरून वापरतो आहे. दुसरी चूक पावसाळ्यातली. उन्हाळ्याच्या सवयीने आठवड्यातून दोनदा पाणी घालत राहिलो आणि कुंडीतून आंबूस वास येऊ लागला. तांबडी माती, वाळू आणि मुरलेले शेणखत असे सच्छिद्र मिश्रण होते, म्हणूनच मुळे वाचली असावीत. आता बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालतो. आषाढात हे आठ-दहा दिवसांनी एकदाच होत असे.

खरा कस लागला तो उजेडाचा. आपल्याकडे मृग लागल्यावर आभाळ जे झाकोळते ते कित्येकदा श्रावणापर्यंत मोकळे होत नाही, आणि खानापूरकडच्या मंडळींना तर हे वेगळे सांगायला नको. लिंबाच्या फांद्या लांबट व फिकट झाल्या. शेवटी २० वॅटची साधी एलईडी ट्यूब झाडांवर फूटभर उंचीवर टांगली आणि ती रोज १२ तास चालू ठेवली. महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागते. तीन आठवड्यांत पानगळ थांबली, मात्र फूल एकही आले नाही.

त्याच सुमारास कुंडीखालची फरशी चिकट लागू लागली आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली. पाने उलटून पाहिली तर शिरांलगत खवले कीड, म्हणजे रस शोषून चिकट द्रव सोडणारी खवल्यासारखी कीड, बसलेली होती. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून, कापसाने एकेक पान पुसत तीन रविवार घालवले, कारण पिल्ले पुन्हा पुन्हा निघतात. हे काम ज्याला कंटाळवाणे वाटेल त्याने घरात लिंबू लावू नये.

चायना ऑरेंजने या सगळ्यात तुलनेने कमी तक्रार केली. कमी उजेडातही त्याची पाने टिकली आणि त्यावर सध्या अकरा हिरवी फळे आहेत. फ्लॅटमध्ये एकच झाड ठेवायचे असेल तर मी तेच सुचवेन. लिंबाची कुंडी मात्र दसऱ्यानंतर गच्चीवर हलवणार आहे. कोपऱ्यातली जागा शेजाऱ्यांना विचारून ठेवली आहे.