सोलापुरातलं सात रस्त्याजवळचं तिकीट बुकिंगचं दुकान, लंडनला जाणाऱ्यांनी नक्की विचारा

पोरगी लंडनला शिकायला चाललीय म्हणून नेटवर बघितलं, मुंबई ते हीथ्रो साधारण ७२०० किमी, एका साईटनं ८ तास दाखवले आन मी तेच धरून बसलो. इथल्या दादांनी नीट समजावलं की जाताना वरचा वारा समोरून असतो, डायरेक्ट विमानालाबी साडेनऊ-दहा तास धरा, येताना तोच वारा मागून ढकलतो म्हणून जरा लवकर पोचतंय. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार अन हिवाळ्यात साडेपाच तास मागं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी मुंबई, मग सकाळचं नको दुपारचंच विमान घ्या म्हणाले, गाडी लेट झाली तर पोरीचे हाल होतील. इतक्या आपुलकीनं कोण सांगतंय ओ! पाच स्टार.