सिमेंटच्या शिडाच्या बोटीत माझे साडेनऊ लाख बुडाले

एकूण ९,५२,००० रुपये. बोटीचे ४,७५,०००, ती पाण्याबाहेर काढायच्या क्रेनचे ६२,०००, हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या, दुरुस्तीचे १,८०,००० आणि नवी डोलकाठी व शिडांसाठी आगाऊ २,३५,०००. सगळे निवृत्तीचे पैसे. नातेवाइकांत तोंड दाखवायची लाज वाटते, पण तो माणूस अजून मोकळा फिरतोय म्हणून लिहितो आहे.

बोट गोव्यात शापोरा नदीकाठी उभी होती. ३६ फुटी, फेरोसिमेंटची, कुणा परदेशी माणसाने सोडून दिलेली. विकणारा चाळिशीचा, गोड बोलणारा. ‘काका, लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, सिमेंटला काही होत नाही. फ्रान्समध्ये १८४८ साली बांधलेली सिमेंटची होडी आजही म्युझियममध्ये आहे.’ ती होडी खरंच आहे, म्हणून तर विश्वास बसला. दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधणारे कारागीर आपल्याकडे आहेत, असंही त्याने ठोकून दिलं. त्या बोटीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हे कुठल्या मराठी माणसाला माहीत नाही? त्या कामाशी याचा काडीचाही संबंध नव्हता. ‘म्हादेई’ लाकूड आणि फायबरची, सिमेंटची नव्हेच. आधी लक्षद्वीप, मग ओमान, असा माझा बेत होता आणि तो त्याला पहिल्याच भेटीत कळला होता.

मी डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत. फेरोसिमेंट म्हणजे सळ्यांच्या सांगाड्यावर जाळीचे थर आणि त्यात दाबून भरलेला जेमतेम इंचभर जाडीचा गिलावा, हे मला माहीत होतं. गिलाव्यात पोकळी राहिली, खारं पाणी आत शिरलं, की जाळी गंजते. गंज फुगतो आणि सिमेंटला आतून फोडतो. म्हणूनच मी हातोडी घेऊन गेलो होतो. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर हल भरीव, बद्द आला तर आत पोकळ.

त्या सकाळचा एकेक क्षण मला आठवतो. मागच्या बाजूला, पाणी आत घ्यायच्या व्हॉल्व्हच्या खाली, ताज्या पांढऱ्या रंगातून तपकिरी ओघळ उतरला होता, बोटभर रुंद. मी हातोडी उचलली तशी त्याने ती हसत माझ्या हातातून घेतली, ‘काका, तुमचे कपडे खराब होतील’, आणि पुढच्या बाजूला चार-पाच ठिकाणी स्वतःच ठोकून दाखवलं. खणखणीत! मग थिनरच्या फडक्याने ओघळ पुसला. म्हणे नांगराच्या साखळीचा डाग. नांगराची साखळी असते पुढे, डाग होता मागे! वर तो व्हॉल्व्ह ब्राँझचा. ब्राँझ जाळीला टेकलं आणि खारं पाणी मिळालं, की जाळीच आधी खाल्ली जाते. पण समोरचा माणूस हातातली हातोडी काढून घेतो तेव्हा भल्या माणसाला ती हिसकावून घेता येत नाही. तुम्ही हिसकावून घ्या. कुणाला काय वाटेल ते वाटो.

दुरुस्तीचे १,८०,००० त्याने रोख घेतले, पावती वहीच्या फाडलेल्या पानावर. केबिन उंच करायला डेक कापला. अशा कामात जुनी जाळी हातभर उघडी करून नवी तिच्यावर चढवून बांधायची असते, तेव्हाच जोड धरतो. याने नुसता गिलावा थापला. पावसाळ्यात जोड उघडला, केबिनमध्ये घोटाभर पाणी. तोवर त्याचा फोन बंद. ओघळाच्या जागी मी स्वतः छिन्नी मारली तर पुट्टीचा पापुद्रा निघाला, मागे जाळी नाहीच, नुसता लाल भुगा. हाताला लागला तो.

कागदांचंही तेच. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेलं विक्रीपत्र, बस्स. परदेशी बोट घेताना मूळ देशातली नोंदणी रद्द झाल्याचा आणि इथे कस्टम ड्युटी भरल्याचा कागद हातात पडेपर्यंत एक रुपयाही सोडू नका.

आता अधिकाऱ्यांचं ऐका. पोलिस ठाण्यात म्हणाले, ‘काका, हा दिवाणी व्यवहार, वकील बघा.’ खोटं सांगून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? एफआयआर नाहीच, अर्जावर शिक्का मारून हातात दिला. साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेबांची बदली. बोटींची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात गेलो तर ‘आमच्या रजिस्टरला ही बोटच नाही, तक्रार कसली घेणार?’ अहो, रजिस्टरला नसलेली बोट नदीकाठी वर्षानुवर्षं उभी राहते, ती कुणाला दिसली नाही? कस्टमच्या माणसाने तर मलाच विचारलं की बोट तुमच्या ताब्यात आहे ना, मग ड्युटी कोण भरणार? नोटरीने सांगितलं, ‘मी फक्त सही पाहतो.’ जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. फसवणाऱ्याला एकाही टेबलावर बोलावलं गेलं नाही. माझ्याकडून मात्र आधार कार्डाच्या झेरॉक्स प्रत्येक टेबलाने मागितल्या.

ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर तक्रार पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं, तेही फी घेऊन. कामाच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षांची. रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. माझे २,३५,००० खात्यातून गेले, तेवढ्याचाच पुरावा आज धड आहे. सर्व्हेअर विकणाऱ्याने सुचवलेला नको, स्वतः शोधा, आणि त्याला हलचे दोन-तीन तुकडे ड्रिलने काढून बघायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

ऐकतोय की हा आता मालवणच्या बाजूला आणखी एक सिमेंटची बोट दाखवत फिरतोय, तीही ताजी पांढरी रंगवलेली. तळाच्या बॅलस्टवर, म्हणजे बोट उलटू नये म्हणून भरलेल्या वजनावर, त्याने सिमेंट ओतून ठेवलेलं असेल, माझ्या बोटीतही होतं. आधी ते फोडून खाली काय दडलंय ते दाखव म्हणा.