१५०-६०० लेन्स : भाट्ये खाडीवरच्या दहा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला पक्ष्यांचे फोटो काढायला घेतलेल्या या १५० ते ६०० मिमीच्या, दूरचे जवळ आणणाऱ्या झूम लेन्सविषयी मी फेब्रुवारीतच लिहायला बसले होते. तेव्हा लिहून पूर्ण केले असते, तर हा मजकूर केवळ तक्रारींचा झाला असता आणि त्यातल्या निम्म्या तक्रारी आज मलाच मागे घ्याव्या लागल्या असत्या. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या लेन्स वापरणाऱ्यांना एफ/५ ते ६.३ चे छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट; आकडा मोठा तितके ते लहान), जवळजवळ दोन किलो वजन आणि ९५ मिमीचे तोंड हे सगळे ठाऊकच असते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप (म्हणजे आकाराने लहान) सेन्सरचा, जुना डीएसएलआर आहे.

रत्नागिरीत राहत असल्यामुळे भाट्ये खाडीचे मुख घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या वाळूच्या दांड्यावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात आणि चिखलात तुतवार, चिखले, बगळे चरत असतात. खाऱ्या वाऱ्यात लेन्स न्यायची म्हणून मी पहिल्याच दिवशी तिच्या तोंडावर यूव्ही फिल्टर, म्हणजे एक संरक्षक काच, चढवला. या मापाचा चांगला फिल्टर काही हजारांना पडतो. लेन्सपायी आधीच हात रिकामा झाला होता, त्यामुळे सहाशे चाळीस रुपयांचा एक फिल्टर मागवला आणि पैसे वाचवल्याचे समाधानही मानले.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात काढलेल्या हजारो फोटोंपैकी ६०० मिमीवर काढलेला एकही फोटो मनासारखा आला नाही. ४०० पर्यंत ठीक वाटे, पण पुढे पिसांची रेघ न् रेघ दिसण्याऐवजी ओल्या टीपकागदावर शाई पसरावी तसे काहीतरी दिसे. शटरचा वेग १/१००० सेकंदावरून १/२५०० वर नेला, छिद्र एफ/८ केले, तिपाईवर लावताना हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरण बंद करून पाहिले, तरी फरक पडला नाही. लेन्सच सदोष आली, असा मी निष्कर्ष काढला.

मग सर्व्हिस सेंटरचा अध्याय सुरू झाला. वॉरंटी असूनही कुरिअरचा खर्च माझ्याच माथी आला. सोबतच्या सूचनेनुसार हूड (लेन्सच्या तोंडावरची सावलीची कडा) आणि फिल्टर काढून ठेवले, लेन्स बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुंबईला पाठवली आणि अठरा दिवसांनी ती ‘प्रमाणानुसार योग्य’ अशा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली. तपासणी शुल्क वेगळे लावले होते आणि लेन्सची मागची टोपी गायब होती. मी फोटोंचे नमुने जोडून सविस्तर पत्र लिहिले, लेन्स पुन्हा पाठवली आणि पुन्हा तोच शेरा आला, फक्त या वेळी शुल्क लावले नाही. ‘टोपी आमच्याकडे आलीच नव्हती’ असे मात्र मला फोनवर ठामपणे सांगण्यात आले. टोपीविना लेन्स कुरिअर करण्याइतकी मी बावळट असेन, असे त्यांनी गृहीत धरले होते.

मार्चमध्ये एका सकाळी फिल्टरच्या आतल्या बाजूला दमट धुके धरले आणि पुसायला म्हणून तो काढू लागले, तर हलेना. मीठ बसून आटे घट्ट झाले होते. शेवटी हातात स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घालून, कडेने सारखा दाब देत तो कसाबसा फिरवला. एका आट्याला ओरखडा गेल्यामुळे तो परत बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी नाइलाजाने तशीच उघडी लेन्स घेऊन खाडीवर गेले. त्या दिवशीचा पहिला फोटो एका टिटवीचा होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करून पाहिला आणि डोळ्याभोवतीची लाल कडा इतकी स्पष्ट दिसली की मला आनंद होण्याआधी राग आला.

घरी येऊन रीतसर चाचणी केली. वर्तमानपत्रातले छोट्या जाहिरातींचे पान अंगणाच्या टोकाच्या भिंतीला चिकटवले, तिपाई वीस मीटरवर ठेवली, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहत, हाताने फोकस साधला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि फिल्टर नुसता हातात धरून लेन्ससमोर एकदा ठेवला, एकदा काढला. फिल्टरविना ‘वन बीएचके भाड्याने’ वाचता येत होते. फिल्टर समोर येताच त्या अक्षरांना सावली धरत होती. स्वस्त काचेचे दोन्ही पृष्ठभाग पुरेसे सपाट आणि समांतर नसतात. लहान लेन्सवर हा दोष झाकला जातो, पण ६०० मिमीवर प्रतिमेबरोबर तोही मोठा होतो. सर्व्हिस सेंटरने लेन्स फिल्टरविना तपासली होती, म्हणजे त्यांचा शेरा खरा होता, हे मला मान्य करावे लागते. परंतु दोन वेळांत एकाही माणसाला ‘बाई, तुम्ही फिल्टर लावता का?’ एवढे विचारावेसे वाटले नाही, हेही तितकेच खरे आहे.

तथापि फिल्टर गेला म्हणून सगळे प्रश्न सुटले नाहीत आणि इथे माझे मत पुन्हा एकदा बदलले. त्याच महिन्यात, त्याच उघड्या लेन्सने, सकाळी सातला काढलेले फोटो धारदार येत आणि साडेदहानंतरचे मऊ. यातून दोष ओळखण्याची एक पद्धत हाती लागली. सलग दहा फोटो काढून शेजारी शेजारी लावावेत. सगळेच सारखे पुसट असतील आणि चौकटीतले काहीच स्पष्ट नसेल, तर काचेवर संशय घ्यावा. पक्षी पुसट पण त्याच्या पुढची किंवा मागची वाळू कणाकणाने स्पष्ट असेल, तर फोकस सरकलेला आहे. सगळ्या रेघा एकाच दिशेने दुहेरी दिसत असतील, तर हात हलला. आणि दहांतला एखादा फोटो बरा, पुढचा वितळल्यासारखा, त्यापुढचा पुन्हा बरा असे असेल, तर ते मृगजळ आहे. ऊन चढले की वाळू आणि चिखल तापतात, वरची हवा थरथरू लागते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो. महागडी लेन्स किंवा वेगवान शटर यांपैकी कशानेही ते दुरुस्त होत नाही. उपाय दोनच: लवकर जाणे आणि जवळ जाणे.

लवकर जाण्याचा आणखी एक लाभ आपल्या किनाऱ्याला आहे. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्याच्या तोंडावर पडते. संध्याकाळी मात्र काळ्या आकृत्यांवर समाधान मानावे लागते. जवळ जाण्याचे काम मी भरतीवर सोपवले आहे. खाडीवरच्या एका मच्छीमार काकांना मी ॲपमधली वेळ दाखवली, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘तिथीची पाऊणपट करा की, बाई.’’ हा हिशेब लहानपणी माहेरी गुहागरला ऐकलेला होता, पण तो पक्ष्यांना लावण्याचे सुचले नव्हते. दशमीला दहाचे पाऊणपट म्हणजे साडेसात, त्या सुमारास पूर्ण भरती. पाणी चढत जाते तसा चिखल बुडतो आणि पक्षी चरत चरत आपल्याच बाजूला सरकतात. आपण वाळूवर आधीच पालथे पडून राहिलो, तर पाठलाग करावा लागत नाही. उलट चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास असते, सकाळी नऊच्या आसपास पाणी ओसरलेले असते आणि पक्षी दूरवर विखुरलेले असतात. अशा दिवशी मी आता लेन्स घरीच ठेवते.

अंतराचे महत्त्व मला हिशेब मांडल्यावर पटले. सुमारे ३५ सेंमी लांबीची टिटवी ५० मीटरवर असली, तर ६०० मिमीवरही सेन्सरवर तिची प्रतिमा जेमतेम चार मिलिमीटरची पडते, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या एक षष्ठांश. तीच २५ मीटरवर आली की दुप्पट होते आणि मधली थरथरती हवाही निम्मी होते. मात्र फार जवळ गेल्यास दुसरी अडचण येते. एप्रिलमध्ये वडाच्या फळांवर आलेला धनेश दहा मीटरवर मिळाला. एवढ्या अंतरावर एफ/६.३ ला जेमतेम सात सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे डोळा उत्तम आला आणि शेपूट दुसऱ्याच पक्ष्याची वाटावी इतकी धूसर.

पावसाळ्यात या लेन्सच्या मर्यादा उघड्या पडतात. जूनमध्ये ओढ्याकाठी तिबोटी खंड्या आला, तेव्हा झाडीत इतका काळोख होता की एफ/६.३ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर १/१०० च्या वर जाईना. तो एका जागी स्तब्ध बसला होता, म्हणून चाळीस फोटोंतले तीन जमले. नियमित जंगलात काम करणाऱ्यांनी ही लेन्स घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देखभालीवर मी फार खर्च केलेला नाही. ड्राय कॅबिनेटऐवजी रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहतो आणि दोन पावसाळी महिन्यांत बुरशी दिसलेली नाही. खाडीवरून आल्यावर लेन्सचे बाहेरचे अंग आधी किंचित ओल्या फडक्याने टिपते, कारण कोरडे फडके मिठाचे कण घासत नेते. लेन्स टेकवायची उशी, म्हणजे बीनबॅगही, मांजरपाटाची घरीच शिवली. आधी भाताचे तूस भरले, पण ते दोन किलोंखाली दबून सपाट झाले, म्हणून रेशनचा तांदूळ भरला. ‘‘अगो, तांदूळ आता कॅमेऱ्याच्या उशीला का?’’ असे सासूबाईंनी विचारले खरे, पण पिशवीचे तोंड त्यांनीच शिवून दिले.

आज कुणी विचारले तर, सकाळी सहाला उठण्याची तयारी असेल तर घ्या, असे मी सांगेन. पुढच्या काचेवर मी आता काहीच लावत नाही, हूड पुरेसा होतो. मागच्या टोपीसाठी सर्व्हिस सेंटरला पाठवलेल्या चौथ्या ईमेलचे उत्तर अद्याप आलेले नाही. बाजारात तशी टोपी दीडशे रुपयांना मिळते, पण ती मी विकत घेणार नाही.