दलाक्र्वाच्या ‘कीऑसचा नरसंहार’ची कॅनव्हास प्रत: छपाई चांगली, छाटणी अक्षम्य

यूजीन दलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराच्या ‘कीऑसचा नरसंहार’ या चित्राची २४ बाय १८ इंचांची कॅनव्हास प्रत मी एका ऑनलाइन दुकानातून मागवली. कापड नीट ताणून बसवले आहे, लाकूड वाकडे नाही आणि छपाईत रेघाही नाहीत. तक्रार आहे ती चित्र छाटल्याची.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मूळ चित्र ४१९ सेंटिमीटर उंच आणि ३५४ सेंटिमीटर रुंद आहे. त्या प्रमाणात २४ इंच उंचीला रुंदी २० इंचांहून थोडी अधिकच हवी. दुकानदाराने आपल्या ठरावीक मापासाठी उजवीकडची पट्टी उडवली, आणि नेमकी त्याच बाजूला, खाली, मरून पडलेली आई व तिच्या अंगावर दूध शोधणारे तान्हे बाळ आहे. आता ते बाळ कडेशी चेंगरल्यासारखे दिसते.

हा कोपरा गेला की चित्रच गेले, असे मी म्हणेन. १८२२ मध्ये ऑटोमन (तुर्की) सैन्याने कीऑस या ग्रीक बेटावर हजारो ग्रीकांची कत्तल केली आणि हजारोंना गुलाम केले. २६ वर्षांच्या दलाक्र्वाने १८२४ च्या पॅरिस सलाँ या मोठ्या चित्रप्रदर्शनात हे चित्र मांडताना त्याच्या नावातच ‘मृत्यू किंवा गुलामगिरीची वाट पाहणारी ग्रीक कुटुंबे’ असे लिहिले होते. इथे लढाई नाही, प्रतिकार जवळजवळ नाही, आणि रुबाबात उंच बसलेला एकच माणूस, तो म्हणजे बांधलेल्या स्त्रीला घोड्यामागे ओढणारा स्वार. ग्रो या ज्येष्ठ चित्रकाराने याला ‘चित्रकलेचीच कत्तल’ म्हटल्याचे सांगतात. (सरकारने मात्र ते ६,००० फ्रँकला विकत घेतले.) आईशेजारी बसलेल्या म्हातारीची वर लागलेली नजर प्रतीतही टिकली आहे, हे दुकानदाराच्या पदरात टाकायला हवे.

रंगांबाबत तितके समाधान नाही. प्रदर्शनाच्या तोंडावर कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराची निसर्गचित्रे पाहून दलाक्र्वाने आपले चित्र पुन्हा हाताळून उजळले, असे मानले जाते. प्रतीत आकाश आणि जळत्या वस्तीचा धूर एकाच मातकट छटेत मिसळले आहेत.

तक्रारीनंतर दुकानदार पैसे परत द्यायला तयार होता. मी त्याऐवजी वर-खाली पांढरी पट्टी सोडून पूर्ण चित्र छापून मागितले. दुसऱ्या खेपेला बाळ अख्खे आले, आकाश मात्र तसेच मातकट राहिले.